दहा अँपिअरचा सप्लाय

“ह्यो बी गेला,” म्हणत आबाजींनी जळका एलिमिनेटर काउंटरवर ठेवला. शेजारी चार्जर ठेवला. त्याच्या शेजारी ती गाडी.

जयवंतानं कपाळाला हात लावला. बारामतीचा गुरुवारचा बाजार, दुरुस्तीला आलेल्या टेपरेकॉर्डरांचा ढीग, आणि काटेवाडीचा हा म्हातारा सलग तिसऱ्या गुरुवारी खेळण्यातली गाडी घेऊन हजर!

“आबा, हा रेडिओ चालवायचा एलिमिनेटर. अर्ध्या अँपिअरचा. तुमचा चार्जर पाच ओढतो.”

“बारा व्होल्टचाच हाय की. वर लिवलंय.”

“व्होल्ट बारा आहेत हो. पण ठिबकच्या एका नळीवर चार एकर ऊस भिजंल का?”

“न्हाय भिजायचा.”

“मग!”

रिमोटवर पळणारी ही गाडी आबाजींच्या नातवाची. यशराज मे महिन्यात पुण्याहून आला होता, आठ दिवस अंगणात पळवली आणि जाताना इथंच टाकून गेला. चार्जर घरच्या लाइटीवर चालणारा नव्हता. मोटारीच्या बॅटरीला चिमटे लावायचे, मग तो गाडीचा सेल भरणार. मुलाची मोटार दारात होती तोवर भागलं. पुढं दुधाचा टेम्पो सकाळी थांबायचा, त्याचा ड्रायव्हर चिमटे लावू द्यायचा. आता तो ड्रायव्हर बदलला, आणि नवा एक नंबरचा खडूस निघाला.

“नातू परत कधी येणार?” जयवंतानं विचारलं.

“दिवाळीत. आला तर.”

“मग आत्ताच कशाला जीव काढताय?”

आबाजी गाडीच्या चाकावरचा चिखल नखानं काढत बसले. “रोज फिरवाय लागती. बंद पडली की घर खायाला उठतंय बघ.”

जयवंताला कसंसंच झालं. सत्तरीचा माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरगा पुण्यात. स्वतःच भाकरी थापायची, स्वतःच खायची, आणि अंगणात एकट्यानं खेळण्यातली गाडी फिरवायची. त्यानं गाडी उचलून बघितली. वरचं प्लॅस्टिकचं टप काढून टाकलेलं, नुसता सांगाडा. मोटारीच्या फटीत पांढरं पीठ बसलं होतं.

“आबा, चुलीजवळ ठेवू नका हो गाडी. मोटार जाईल.”

“बरं,” आबाजी म्हणाले.

“तुम्ही माणसांत तरी जाऊन बसा. समोरच सख्खा भाऊ राहतो ना तुमचा?”

आबाजींनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “बांधावरनं भांडलो आमी. आठ वर्सं झाली. देवळात दोघांनी भंडारा उचलून आण घेतलीया. एकमेकाच्या दारात पाय ठेवायचा न्हाय, तोंडानं बोलायचं न्हाय, हातानं कायबी द्यायचं न्हाय, आन् दुसऱ्या कुणाच्या हातानं बी न्हाय.”

“मग नारळ फोडून सोडवून घ्या की.”

“दोघांनी उचललेला एकट्यानं सुटत न्हाय. त्यो आधी येईल म्हणून मी थांबलो, मी जाईन म्हणून त्यो.” “जेष्ठात वयनी गेली. तिला उचलून नेली, ती मी माझ्या दारातनं बघितली. खांदा बी न्हाय दिला, जयवंता.”

जयवंतानं उगाचच मीटर चालू करून बंद केला.

मग तो कामाचं बोलू लागला. तीन अँपिअरचा तयार सप्लाय होता, पण तो तापून चार दिवसांत बसला असता. पाचचा काठावर चालला असता. त्यात काटेवाडीला मोटारपंप सुरू झाले की लाइट दीडशे-पावणेदोनशे व्होल्टवर यायची.

“दहाचा बनवून देतो. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळतो. लाइट कितीबी पडू दे, पुढं बारा व्होल्ट मिळणार.”

“बाराच्या आत सेल भरंल का? लाइट अकराला जाती आमची.”

“दहाला लावा, अकराच्या आत भरेल.”

“आन् चढाला वज्जं घिऊन दम न्हाय ना तोडायची?”

“कसलं वजन?”

“पोरं ठेवत्यात कायबाय,” आबाजी म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

पुढच्या गुरुवारी जयवंतानं सप्लाय हातात दिला. पत्र्याच्या पेटीतला, चांगला चार किलोचा. दुकानातच चिमटे लावून दाखवले. चार्जरचा लाल दिवा लागला तसे आबाजी एवढे हसले, की जयवंतानं मजुरी घ्यायचीच सोडून दिली.

त्यानंतर दोन बाजार गेले, आबाजी आले नाहीत. कटकट टळली म्हणावं, तर जयवंताला उलट चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. म्हातारा बरा असेल ना? एकट्या माणसाचं काय सांगावं.

तिसऱ्या गुरुवारी आबाजींच्याच अंगकाठीचा, पण त्यांच्याहून थकलेला एक म्हातारा काठी टेकत दुकानात आला.

“आबाजीला दिलास म्हणं, तसलाच सप्लाय पायजे.”

“का? बिघडला का त्यांचा?”

“त्याचा झ्याक चाललाय. मला पायजे.” त्यानं पिशवीतून चार्जर काढला. अजून प्लॅस्टिकमध्येच होता. “लेकीला सांगून पुण्यावरनं गाडी मागवली. मी गेणबा, त्याचा थोरला भाऊ.”

जयवंता उभाच राहिला. “नातवंडाला का, तात्या?”

गेणबानं नकारार्थी मान हलवली.

“आषाढापासनं त्याची गाडी दुपारी माझ्या दारात भाकरी घिऊन येती,” तो म्हणाला. “आता भाकरीवरचं कोरड्यास तरी माझ्याकडनं जाऊ दे.”