मेथीच्या वाटीतला फ्यूज

मोरेश्वरराव कारच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवे झाले होते. बाजूला वर्तमानपत्रावर हत्यारं मांडलेली: स्वयंपाकघरातली सांडशी, कापसाची पोती शिवायचा दाभण, इस्त्रीची जुनी वायर, आणि दोन तारा जोडलेला स्कूटरचा बल्ब.

बल्ब लागला की नाही, हे ते मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं दिसेल, मधलं आता दिसणार नाही. गाडी चालवायची नाही.

त्यांनी ते ऐकलं नाही. म्हणून मुलाने, हर्षलने, पुण्याला परत जाताना गाडीतला एक फ्यूज काढून आईच्या, सरलाबाईंच्या, हातात ठेवला होता. हा नसला की गाडी सुरूच होत नाही, बाबांना सांगू नको, म्हणाला होता. गाडीच्या मिस्त्रीलाही त्याने बजावलं होतं.

"सेल्फ तं फिरून राहिला, मग इंजिन काहून लागत नाही?" मोरेश्वरराव आतून बोलले. "आन तो मिस्त्री फोनच नाही उचलून राहिला."

"विकून टाका न आता," दारातून सरलाबाई म्हणाल्या.

"विकून टाका! मग तुले रामाकोन्याले कोन नेईन? तिकडं बहीण खाटेवर पडली, तू इथं दारात उभी."

बहिणीला पाहायचं सरलाबाईंच्याही मनात होतं. बसची पायरी त्यांच्या गुडघ्यांना चढवत नव्हती.

मोरेश्वररावांची बोटं फ्यूजच्या रांगेवरून फिरत होती. एका जागी थांबली.

"अवं, इथं तं एक दात पडलेला हाय! आपोआप पडते का हा?"

"मले काय समजते त्यातलं?"

"उंदरानं नेला असन. सांडशी दे इकडं."

सरलाबाईंनी सांडशी दिली आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. चहा उकळला. सांडशी नव्हती, म्हणून त्या पदराने पातेलं उतरवत होत्या, तेव्हाच अंगणात गाडी सुरू झाली.

पातेलं ओट्यावर टेकवून त्यांनी मिसळणाचा डबा उघडला. मेथीच्या वाटीत बोट घातलं. फ्यूज तिथेच होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. तोच होता. मग सुरू कशी झाली?

फ्यूज मुठीत धरून त्या बाहेर आल्या. मोरेश्वरराव सीटवर ताठ बसले होते. वर्तमानपत्रावर इस्त्रीची वायर सोललेली पडली होती; आतली तांब्याची तार नव्हती. फाटक बंद होतं. सरलाबाई जाऊन फाटक आणि गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला.

काचेतून मोरेश्वररावांनी सरळ त्यांच्याकडे पाहिलं. हॉर्न वाजवला. मग खिडकीतून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले,

"ये वं लवकर! रस्ता मोकळा हाय."