गल्लीचा मूळ आवाज

खिडकीबाहेर तिपाईवर आवाज मोजायचं मीटर उभं राहिलं आणि धाकटीने शिवता शिवता मशीनवरून पाय उचलला.

"बंद कशाला केलंत? चालू द्या तुमचं," मोजणीवाली मुलगी म्हणाली. विद्यापीठाला गल्लीच्या टोकाशी सहा मजली वसतिगृह बांधायचं होतं आणि त्यासाठीच्या पर्यावरण अहवालाकरता ती सकाळपासून दारोदार आवाज मोजत फिरत होती.

"जाऊबाईंनी सांगितलंय, आज गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे."

थोरली जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. वसतिगृहाविरुद्ध सह्या तिनेच गोळा केल्या होत्या, आणि आज तिने घरोघर जाऊन टीव्ही, मिक्सर बंद करायला लावले होते. समोरच्या पेन्शनर काकांना ते काही पटेना. आवाजाचा त्रास दाखवायचा तर आवाज नको का करायला? त्यांनी गच्चीत रेडिओ मोठ्याने लावला. थोरलीने जाऊन तो बंद केला.

"यात बरोबर कोण?" धाकटीने विचारलं.

"आज मुळात किती आवाज आहे ते आम्ही बघतो. मग वसतिगृहामुळे त्यात किती भर पडेल ते. आज शांत असेल तर भर मोठी दिसते."

"आणि आज गोंगाट असला तर?"

"तर पोरांचा आवाज त्यात खपून जातो." मुलगी जराशी ओशाळली. "पण मुद्दाम काही करू नका हं. आवाजही नको आणि शांतताही नको."

धाकटी मांडीवरच्या काळ्या कापडाकडे बघत राहिली. पदवीदानाचे झगे होते ते, विद्यापीठाचेच. संध्याकाळी न्यायला माणूस यायचा होता. गल्ली रहिवासी झोनमध्ये, त्यामुळे तिला दारावर पाटी लावता येत नव्हती. शिवणकाम चालायचं ते पडद्याआड. वसतिगृह आलं की झोन बदलणार होता, दुकानांना परवानगी मिळणार होती. पण वर दादा होते, तिचे थोरले दीर, अंथरुणाला खिळलेले. बांधकाम सुरू झालं की सगळी धडधड त्यांच्या उशाशी. पाय टेकवावा तर दादा डोळ्यांपुढे यायचे, उचलावा तर झगे.

शेवटी तिने पायडलचा पट्टा उतरवला आणि चाक हाताने फिरवायला घेतलं. टक. टक. टक. शिवण वाकडी जायला लागली. तिचा तिलाच राग आला. पट्टा पुन्हा चढवून तिने पाय दाबला.

थोरली तरातरा जिना उतरून आली. मीटर दिसलं तशी कुजबुजत भांडू लागली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"झगे द्यायचेत आज." धाकटीही कुजबुजली.

"अख्ख्या गल्लीपुढे हात जोडत फिरले मी, आणि माझ्याच घरातून हा खडखडाट?"

"तुमचं ठीक आहे हो. मी काय आयुष्यभर पडद्याआडच शिवत बसू?"

"वर माणूस पडलाय. त्याचा तरी विचार कर."

"त्यांना उठवून बसवायला हाक कुणाला मारता? येते ना मी? हातातलं टाकून येते!"

आवाज कधी चढला ते दोघींनाही कळलं नाही. मीटरवरचे आकडे उड्या मारत होते. मुलगी एकदा आकड्यांकडे बघत होती, एकदा या दोघींकडे.

"हे असं… नेहमीचं आहे का?"

"हो," धाकटी म्हणाली.

"छे! आमच्यात कधीच भांडण होत नाही," थोरली त्याच पट्टीत ओरडली.

वर खाट करकरली.

"अगं, खाली काय झालंय?" दादांचा बारीक आवाज आला. "मशीन का थांबली? तिच्या घरघरीशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही माझा."

थोरलीने छताकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं.

"चालव," ती म्हणाली.

"अहो, पण ते मीटर?"

"चालव म्हणते ना."

धाकटीने पाय दाबला. मशीनची घरघर खोलीभर झाली. मुलीने पेन उघडलं.

"हा आवाज कशात धरू? व्यवसाय की घरगुती?"

व्यवसाय हा शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर आला होता. पण तो एकदा कागदावर चढला की पाटी लागणार, की असलेलं कामही बंद करायला कुणी येणार? दोन्ही खरं वाटत होतं.

"घरगुती," थोरली जिन्याच्या पायरीवरून म्हणाली. "आमच्या घरातलाच आहे तो."

मुलीने तसं लिहून घेतलं आणि मीटर उचलून ती पुढच्या दाराकडे गेली.

जाऊबाईंनी आपल्याला सांभाळून घेतलं की पुसून टाकलं, धाकटीला कळेना. विचारावं म्हणून तिने मान वळवली, तर जिन्यात कुणीच नव्हतं. वरची करकरही थांबली होती. तिने पाय काही थांबवला नाही. झग्याची शिवण केव्हाच संपली होती, आणि सुई नुसतीच खालीवर होत होती.