माहेरचं पाणी

मोबाइलवरची निळी रेघ भागूअक्काच्या विहिरीपाशी आली, तशी तिची सून वैजयंता घागर आणि दोर घेऊन उठली.

शिवारभर पुरलेल्या सळ्यांमधून दिवसभर बारीक वीज फिरायची. कोरडा कातळ ती अडवायचा, ओला कातळ सहज जाऊ द्यायचा. त्यावरून जमिनीखालचं पाणी कुठवर आलंय ते घरबसल्या कुणालाही मोबाइलवर निळ्या रेघेनं दिसायचं. गेली काही वर्षं ही रेघ वरच्या बोरीवाडीतच संपत होती. तिथल्या बोअरवेल सगळं पाणी उपसून घेत. बोरीवाडी वैजयंताचं माहेर. "तुझ्या भावांनी आमचं पाणी गिळलं," असं भागूअक्का तिला उठता-बसता ऐकवायची.

यंदा रेघ आपल्यापाशीच अडते हे बघून बोरीवाडीनं आपणहून बोअरच्या मोटरी बंद ठेवल्या. डोळ्यांदेखत डाळिंबाच्या बागा वाळू दिल्या.

वैजयंतानं पहिली घागर शेंदून वर काढली. भागूअक्कानं घागरीला हळदकुंकू वाहिलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाली, "भावास्नी कळीव, पाणी पोचलं म्हणून."

"आत्याबाई, मोटर चालू करू? आपली लिंबं सुकायला लागल्यात."

भागूअक्कानं मोबाइल हातात घेतला. निळी रेघ विहिरीपाशी थांबली होती. तिच्या पुढं, खालच्या अंगाला, जांभळी गावापर्यंत सगळं तांबडं, कोरडं दिसत होतं. जांभळीत तिची लेक दिली होती.

तिनं मोबाइल खाली ठेवला.

"मोटर राहू दे," ती म्हणाली. "तिथं माझ्या लेकीलाबी कुणीतरी बोलत असंल."