न मागितलेली रजा

"तुमची रजा मंजूर केलीय," पाणीपुरवठा खात्याचे मोठे साहेब म्हणाले.

"मी मागितलीच नव्हती."

"मागे मागितली होतीत की."

मागे म्हणजे लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी. तेव्हा साहेबांनी अर्ज परत पाठवला होता. तुमच्यावाचून खात्याचं पान हलत नाही, म्हणाले होते. आता नात रांगायला लागली होती आणि पान आपोआप हलू लागलं होतं.

पंपबाईंना कारण कळायला वेळ लागला नाही. हे नाव खात्यानं ठेवलेलं, इंजिनिअरबाई समोर नसताना वापरायचं. नव्या पंपांच्या निविदा आल्या होत्या आणि त्या तपासायला साहेबांना त्यांच्या पसंतीची बाहेरची तज्ज्ञ कंपनी हवी होती. नियम आडवा येत होता. खात्यात जाणकार माणूस उपलब्ध नसेल, तरच बाहेरचा बोलवावा. जाणकार तर समोरच बसली होती. तिची जाण काढून घेता येत नव्हती. उपलब्धता घेता येत होती.

"मागच्या खेपेला बाहेरच्यांनी निवडलेले पंप टेकडीवर पाणी चढवताना अजून धापा टाकतात," बाई म्हणाल्या. "वरच्या वस्तीच्या शिव्या मी खाते. या वेळी निविदा मीच तपासणार. रजा नको मला."

"निघालेला आदेश मागे घेता येत नाही," साहेब हळहळले. "जा, नातीला खेळवा."

नातीनं आजीचा चष्मा वाकवला, तेवढ्यात फोन आला. बोलणारा त्याच तज्ज्ञ कंपनीचा होता. आवाज मधाळ.

"मॅडम, पंपांच्या निविदा तपासायच्यात. तुमच्यापासून काय लपवायचं, आमच्याकडे पंपातलं कळणारं कोणी नाही. ज्याला विचारावं तो तुमचंच नाव घेतो. तपासा तुम्ही, सही आम्ही करू. मानधनाचं बघू ना."

"अहो, मी त्याच खात्यात नोकरीला आहे."

"पण रजेवर आहात ना? म्हणजे सध्या बाहेरच्याच की!"

शेजारी बसलेली लेक फिस्कन हसली. "घे आई. घरबसल्या तज्ज्ञ झालीस."

बाईंनी नातीला लेकीच्या मांडीवर दिलं, वाकडा चष्मा नाकावर चढवला आणि फोनवाल्याला म्हणाल्या, "एक मिनिट हं." मग त्याच फोनवर साहेबांनाही जोडून घेतलं.

"साहेब, तुम्ही नेमलेली कंपनी लाइनवर आहे. त्यांच्याकडे पंपांतला जाणकार उपलब्ध नाही म्हणतात."

मधाळ आवाजवाला नुसता खाकरला.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "आपल्या खात्यात एक बाई आहे. सध्या रजेवर आहे, पण उद्या येते म्हणालीय."