रिकाम्या चौकटी

"ह्या एकसष्ट रिकाम्या चौकटी कुणी घुसडल्या?" सुजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

चाकणच्या ह्या कारखान्यातल्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेस त्याने बनवलेल्या सॉफ्टवेअरवर चालत. कोड लिहायचा नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या, बाणांनी जोडायच्या, की मशीन त्याच क्रमाने चालतं. आता कारखानावाले म्हणत होते, हे वापरायला किचकट आहे, बदलून टाकू. चार वर्षांची मेहनत मातीत जाणार म्हणून तो माणच्या आपल्या ऑफिसातून तणतणत कारखान्यात आला होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पडद्यावरचं ते चौकटींचं चित्र बघून तर त्याचं डोकंच फिरलं. कशालाच न जोडलेल्या चौकटी जागोजागी. चौकटीवर नावाचा पहिला शब्दच दिसे. एकीवर 'विमलबाई'. म्हणजे कामाच्या चित्रात थट्टामस्करीही चालते! त्याने भराभर पुसायला घेतलं. त्या चौकटीशेजारी प्रेसला तीन सेकंद थांबवणारी पायरी होती. फुकटचा खोळंबा म्हणून तीही पुसली आणि माउस 'सेव्ह'कडे नेला.

साधनाने त्याचं मनगट घट्ट धरलं. कारखान्यात हे चित्र तीच सांभाळायची. ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. पण पकड सोडली नाही.

"सर, मशीन दुरुस्तीला उघडलं की कुणी चालू करू नये म्हणून आमी त्याला लाल पाटी अडकवतो. तुमच्या चित्रात पाटी अडकवायला खिळाच न्हाई. मग ह्या चौकटीच पाट्या केल्या."

तिने पुसलेलं सगळं परत आणलं. 'विमलबाई'वर क्लिक केलं. पूर्ण नाव उघडलं : 'विमलबाई. बोट इथं गेलं. हे तीन सेकंद काढू नका.'

सुजितने माउसवरचा हात काढला. तरी हेका सुटेना. "मग टीप लिहायची सोय मागायची ना आमच्याकडे!"

साधनाने एक जुनी तक्रार काढून त्याच्यापुढे धरली. 'पायरीला टीप लावायची सोय द्या.' खाली उत्तर होतं : 'गरज नाही. चित्र स्वतःच बोलतं. तक्रार बंद. – सुजित.'

ते उत्तर त्याला आठवलं. चहा पिता पिता लिहिलं होतं.

"आणि बोट कधी गेलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"ह्याच्या पुढच्याच महिन्यात. नव्या माणसाला ते तीन सेकंद फुकटचे वाटले, त्यानं पुसले. चित्र काय बोललं न्हाई, सर."