ओली पावलं

ढाणकीजवळची जुनी बारव पाहायला मी आणि माझा धाकटा भाऊ इमरान भर दुपारी पोचलो. दाखवायला तांड्यावरचे लखीरामकाका आले होते. चपला वर काढून आम्ही तिघं खाली उतरलो, पाण्यात पाय धुतले आणि वर आलो.

"आता थांबा," काका म्हणाले. "पायऱ्यांवरची पावलं वाळल्याबिगर इथून निघाचं नाही. बैलांवर माल नेणारी आमची जुनी माणसंबी थांबत."

दगड तव्यासारखा तापला होता. काकांची पावलं मिनिटभरात वाळली. इमरानचीही वाळली. माझी मात्र तशीच ओली होती.

"चाल न आपा, गाडी तापून राह्यली," म्हणत इमरान पुढे गेला.

मी तळवे तपासले. कोरडे होते. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. पायऱ्यांवर माझी पावलं अजून चकाकत होती, आणि त्यांची बोटं खाली पाण्याकडे होती.

काकांनीही ते पाहिलं. माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुमी वर आल्या ना?"

मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी वाकून खाली पाहिलं.