गुरुनाथरावांचा बाप्तिस्मा

"तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही, तेवढं एकच सांग मला," वसुधाबाई इंग्रजीत म्हणाल्या.

फाटकापलीकडे हेनी दीड मीटर मोजून उभी होती. मधल्या भिंतीवर तिनं आणलेलं वाटाण्याच्या सुपाचं पातेलं होतं आणि पातेल्यावर प्लास्टिकच्या पाकिटात एक फॉर्म.

हेनी शेजारीण. मॉर्मन पंथाची. कॉफी पीत नाही, चहा पीत नाही. अख्ख्या न्यूनेन गावात अशी बाई ही एकच. लॉकडाऊन लागल्यापासून दर मंगळवारी ती एवढं सूप आणायची की त्यात होडी सोडावी.

"आहोत की!" हेनी म्हणाली. "आमच्या चर्चच्या नावातच येशू आहे."

वसुधाबाईंनी मान हलवली. नावाचं काय घेऊन बसलात! नगरला त्यांच्या गल्लीत 'शुद्ध तूप भांडार' होतं. त्या तुपाचा दिवा लावला तर शेजारच्या गल्लीतली मांजरं शिंकायची.

फेब्रुवारीत वसुधाबाई आणि त्यांचे यजमान गुरुनाथराव, दोघं नगरहून इथं परदेशात लेकाकडे आली होती, दोन महिन्यांसाठी. मार्चच्या शेवटी गुरुनाथराव हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. अंतराळवीरासारखे कपडे घातलेल्या नर्सनं व्हिडिओ कॉलसाठी टॅब्लेट धरला होता. बोलायला मिळाली चार मिनिटं. वसुधाबाई म्हणाल्या, "गरम पाणी पीत जा." तेवढंच म्हणाल्या. मग विमानं बंद, आणि त्या इथेच. आता जून होता. त्या भांडी घासायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, खिडकीत बसायच्या. रडू काही आलं नव्हतं. ते आपलं कुठंतरी अडकून पडलं होतं, विमानासारखं.

वसुधाबाई तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. गुरुनाथराव हिंदू. बेचाळीस वर्षं ते दर रविवारी बायकोला चर्चला घेऊन गेले, शेवटच्या बाकावर बसले, गाणी तर पाळकांपेक्षा मोठ्यानं म्हणाले. पण बाप्तिस्मा घेतला नाही. एकामागून एक सात पाळकांनी विचारलं. प्रत्येकाला ते म्हणाले, "पुढच्या ईस्टरला." असे इतके ईस्टर गेले की येशूनंसुद्धा यंदा उठू की नको असा विचार केला असेल.

ते गेले तेव्हा नगरहून पाळकसाहेबांचा फोन आला. राजन पाळक, सातवे. "वसुधाबाई," ते म्हणाले, "बाप्तिस्मा झाला असता तर तिकडे..." आणि थांबले. पुढचं बोलले नाहीत. ते न बोललेलं वाक्य अडीच महिने वसुधाबाईंच्या उशाशी होतं. तिकडे भेट झाली असती. आता नाही.

आणि मग हेनीनं हे सांगितलं. त्यांच्यात गेलेल्या माणसाचाही बाप्तिस्मा करतात. त्यांचं देऊळ सध्या बंद आहे, पण उघडलं की हेनीचा भाऊ गुरुनाथरावांच्या नावानं बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरेल. त्या फॉर्मवर बायकोची परवानगी तेवढी हवी.

"आणि त्यांना नको असेल तर ते तिथून नाही म्हणू शकतात," हेनी म्हणाली. "जबरदस्ती नसते."

"ते नाही म्हणत नाहीत गं. पुढच्या ईस्टरला म्हणतात."

हेनी हसली. वसुधाबाई हसल्या नाहीत. पातेलं आणि फॉर्म घेऊन त्या आत आल्या.

आत लेक, सौमित्र, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. मीटिंग संपल्यावर त्यांनी त्यालाही विचारलं. "मॉर्मन ख्रिस्ती असतात का रे?"

"आई, ते तू कोणाला विचारतेस त्याच्यावर आहे."

"तुला विचारतेय."

"मला नको विचारूस. राजन अंकलना विचार."

म्हणून त्यांनी नगरला व्हिडिओ कॉल लावला. पाळकसाहेब गॅलरीत बसले होते, मास्क हनुवटीला. वसुधाबाईंनी सलाम केला आणि सगळं सांगितलं, फॉर्मसकट. पाळकसाहेब ताठ झाले.

"वसुधाबाई, हे मॉर्मन त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत. बायबलच्या जोडीला आणखी एक ग्रंथ आहे त्यांचा. ते ख्रिस्ती नाहीत."

"नाहीत?"

"नाहीत."

"पण येशूचं नाव घेतात. हेनी माझ्यासाठी प्रार्थना करते. सूप आणते."

"सूप कुणीही आणेल, बाई. त्यांच्याकडचा कुणी आपल्या चर्चमध्ये आला तर आपण त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतो. त्यांचा धरतच नाही."

"म्हणजे त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला तर माणूस ख्रिस्ती होत नाही?"

"मुळीच नाही."

"नक्की? पुन्हा एकदा सांगा."

"लिहून देऊ का?"

"द्या," वसुधाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांना वाटलं, चुकलेलं मेंढरू परत आलं. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज आला, वचनांच्या दाखल्यासकट. वसुधाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग पेन घेतलं, फॉर्मवर नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि खाली सही केली.

सौमित्र बघतच राहिला. "आई! ते ख्रिस्ती नाहीत, असं आत्ताच सांगितलं ना त्यांनी?"

"म्हणून तर सही केली," वसुधाबाई म्हणाल्या. "कधीच ख्रिस्ती होणार नाही, अशी तुझ्या बाबांनी त्यांच्या आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती. तेव्हा कुठे तिनं मला घरात घेतलं."